भातातल्या दोन रेघा

यंदाचं भात परवापासून अंगणात पडू लागलं. सकाळी दव सुकेपर्यंत ताडपत्र्या गुंडाळलेल्या असतात. ऊन अंगणात आलं की त्या उघडतात आणि धसईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळे चौकोन दिसायला लागतात. सकाळी या भाताला ओल्या गवताचा वास असतो. दुपारी तोच वास खरपूस होतो, कुणी लांबवर काही भाजतंय असं वाटतं. मीरा, ईशान, तुमच्याकडे आता बर्फाची तयारी चालली असेल. आमच्याकडे या दिवसांत सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली असते, कारण भाताची कूस, म्हणजे ती बारीक टोचरी कुसळं, पदरात, बाहीत, पांघरुणात, कुठेही जाऊन बसते. मी रोज कपडे दोनदा झटकून घडी घालते आणि तरीही ती सापडतेच.

मीरा, मागच्या रविवारी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, माणूस किती वर्षं जगतो हे मोजता येतं. पण त्यातली किती वर्षं चांगली, हे कोणी मोजायचं? डॉक्टरने की त्या माणसाने?" तुझ्या अभ्यासाचा विषय आहे म्हणून तू विचारलंस. मी म्हटलं, विचार करून सांगते. तेव्हापासून मला हा चाळाच लागला आहे. भेटेल त्याला विचारते, म्हातारपण कधी सुरू होतं हो?

मुरबाडच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "पुढची सीट न मागता मिळायला लागली की." मला ती केव्हापासूनच मिळते आहे, म्हणजे माझा निकाल लागला. धसईच्या बाजारात दुधी-काकड्या घेऊन बसणारे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरानं हातातली पिशवी घेतली ना बाय, त्या दिवशी. जड व्हती म्हनून नाय घेतली. लोक बघतात म्हनून घेतली." आमच्या डॉक्टरांनी उभं राहून एका पायावर तोल सांभाळायला सांगितला. मी सांभाळला. मग त्यांनी खुर्चीतून हात न लावता उठायला सांगितलं, तेही जमलं. "उत्तम," म्हणाले. पण घरी येऊन खालच्या फडताळातला डबा काढायला जमिनीवर बसले तेव्हा उठताना मला ओट्याचा कठडा धरावा लागला, आणि हे डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. त्यांच्या दवाखान्यात सगळी कामं खुर्चीच्या उंचीवर होतात.

आमच्या गावात जगणं जमिनीच्या जवळ असतं. भात कापायचं ते वाकून, चुलीपुढे बसायचं ते उकिडवं, भाजी निवडायची, दळण पाखडायचं, पाहुण्यांशी गप्पा मारायच्या, सगळं खाली बसून. मी शहरात टेबलखुर्चीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला उकिडवं बसता येत नव्हतं. थोडा वेळ बसले की पायाला मुंग्या यायच्या आणि मी चक्क मागे कलंडायचे. मला ते शिकवलं आक्कांनी.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या चुलतभावाची बायको, माझी थोरली जाऊ. आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त शेवग्याचं झाड. तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा त्यांनीच तुम्हाला चुलीत भाजलेला कणगराचा कंद सोलून दिला होता, आणि ईशानने तो बटाटा समजून मीठ मागितलं होतं. मी तेव्हा मुरबाडच्या शाळेत शिकवायला जायचे. संध्याकाळी परत आले की आक्का ओटीवरून ओरडायच्या, "आली गो मास्तरीन! आज किती पोरं मारली?" मी कधीच कुणाला मारलं नाही हे त्यांना माहीत होतं. रोज विचारायच्याच.

मला सांगायचा आहे तो हिवाळा काही फार जुना नाही. करोना ओसरून गेला होता, माणसं पुन्हा एकमेकांच्या ओटीवर बसू लागली होती. त्या वर्षी भर पावसात आक्का बांधावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. भात पिवळं होईपर्यंत हाड जुळून आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता वजन द्या, चाला, रोज थोडं जास्त चाला. आक्का घरी आल्या, आणि त्यांच्या सुनेने, सुरेखाने, त्यांच्यासाठी ओटीवर लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि हातात एक काठी दिली.

ती काठी टेकायला नव्हती. टेकायला चार पायांचा वॉकर होता. काठी कोंबड्या हाकलायला होती. अंगणात भात वाळत असलं की कोंबड्या येतात, चिमण्या येतात, शेजारची शेळी येते. तेव्हा घरातलं एक माणूस राखणीला बसवतात. आमच्याकडे राखणीला बसवलेलं माणूस म्हणजे एक तर अगदी लहान, नाहीतर आता कुठल्याच कामाचं न उरलेलं. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण गावात सगळ्यांना ते कळतं.

मी रोज दुपारी चहा घेऊन आक्कांपाशी बसायचे. पहिले काही दिवस त्यांनी कोंबड्यांना मनापासून शिव्या घातल्या. मग शिव्या कमी झाल्या. मग मी पाहिलं की कोंबडी ताडपत्रीवर चढून आरामात दाणे टिपते आहे आणि आक्का तिच्याकडे नुसत्या बघत आहेत.

"आक्का, कोंबडी."

"खाऊं दे. तिचं तरी पोट भरतं. मी पन खातंय, ती पन खाते. दोघींना काय काम हाय?"

त्यांच्या पायांवर सूज होती. वॉकर भिंतीला टेकलेला असायचा आणि त्यावर सुरेखा पंचे वाळत घालायची. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम आक्का करत नव्हत्या. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन पाय ताठ करायचा, हा त्यातला एक. तो मी समोर बसून करवून घ्यायला गेले तर म्हणाल्या, "कशापायी? हवेत पाय हलवून काय पिकतं?" मला हसू आलं आणि काळजीही वाटली, कारण दिनेशने, त्यांच्या मुलाने, काय ठरवलं होतं ते मला ठाऊक होतं.

दिनेश कल्याणला एका वर्कशॉपमध्ये आहे. तिथे त्याची एक खोली-स्वयंपाकघराची जागा आहे. आठवडाभर तो तिथे राहतो, शनिवारी जीपने गावी येतो. त्याने ठरवलं होतं की भात घरात आलं, म्हसा गावची पौषातली जत्रा झाली, की आईला आणि सुरेखाला कल्याणला न्यायचं आणि शेत दुसऱ्याला करायला द्यायचं. त्याची कारणं खोटी नव्हती. तिथे लिफ्ट आहे, कमोडचा संडास आहे, दवाखाना खाली आहे. "काकी, पुन्हा पडली तर मी रात्रीचा कुठून गाडी आणू?" असं तो मला म्हणाला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. आईला उचलून जीपमध्ये घालताना तिने मारलेली किंकाळी त्याने ऐकली होती, मी ऐकली नव्हती.

आक्कांचं म्हणणं एकाच वाक्यात होतं. "तितं मी खुर्चीत जाईन आन् खुर्चीतच मरन." दिनेश म्हणाला, "इथं काय करतेस मग? खुर्चीतच बसलीयस ना?" त्याचं बोलणं खरं होतं. हिवाळा संपेपर्यंत आक्का त्या खुर्चीतून उठून स्वतःचं स्वतः करायला लागल्या नाहीत, तर त्यांचं घर सुटणार होतं.

तर का उठत नव्हत्या? हाड जुळलं होतं, डोकं शाबूत होतं, जिद्द तर आमच्या सगळ्या आळीला पुरेल एवढी. मला हे कोडं सुटेना. मी शिक्षिका होते. एखादं हुशार मूल अभ्यास करत नसेल तर त्याला रागावण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसतं ते बघायचं, अशी माझी सवय. म्हणून मी एक दिवस सुरेखाकडे लक्ष दिलं.

सुरेखा पहाटे उठायची. शेण, पाणी, भाकऱ्या, मग शेतावर. भारे आणायचे, झोडणीला माणसं नसली तर स्वतः उभं राहायचं. दुपारी येऊन अंगणातल्या भातात पाय फिरवायचे. संध्याकाळी ते गोळा करायचं. पाय फिरवणं तुम्हाला माहीत नसेल. वाळत घातलेल्या भातात अनवाणी शिरायचं आणि पाय न उचलता, जमिनीला घासत, ओढत चालायचं. म्हणजे खालचं ओलं भात वर येतं. भातात दोन रेघा पडतात, मग त्यांच्या शेजारी पुन्हा दोन, असं करत सगळी ताडपत्री नांगरल्यासारखी दिसते. दिवसातून तीन-चारदा हे करावं लागतं. सुरेखा तेव्हा जवळजवळ झोपेत चालत असायची.

नळावर मी तिला म्हटलं, "अगं, एखादं काम आक्कांना दे ना. बसल्या बसल्या होईल असं."

तिने हंडा खाली ठेवला आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "काकी, मला काय नको हाय? एक हात लागला तरी दुपारी पाठ टेकीन. पन आईंच्या हातात सूप दिसलं ना, तर गाव काय म्हनंल? हाड मोडलेल्या म्हातारीला सून राबवते. हौशाबाय तर दिवसभर समोरच बसलेली असते. आनि यांच्या कानावर गेलं तर?"

"आणि कल्याणला जायचं ते?"

"मला इचारलंय कोनी?" असं म्हणून तिने हंडा डोक्यावर घेतला.

हौशाबाय म्हणजे रस्त्यापलीकडची शेजारीण. वाईट बाई नाही. अडीनडीला पहिली धावून येते, आणि जे बघते ते संध्याकाळपर्यंत म्हशापर्यंत पोचवते.

त्याच दुपारी मी आक्कांना सरळ विचारलं, "तुम्ही उठून काही करत का नाही?" त्या आधी चिडल्या. मग आवाज खाली आणून, घरात कुणी नसतानाही, म्हणाल्या, "मी उठून कामाला लागले तर सुरेखाचं नाव जाईल गो. लोक म्हनतील, म्हातारीला बसून खायला घालवत नाय. पोरगी चांगली हाय. तिला बोल लागेल असं मी कशाला करू?"

मी चहा तसाच हातात धरून बसले. दोघी एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या. एकीला काम हवं, दुसरीला हात हवा, आणि दोघीही एकमेकींचं नाव जपत त्या खुर्चीची राखण करत होत्या. मीरा, तुझ्या अभ्यासात या आजाराला काही नाव आहे का, ते मला कळव. आमच्या गावात याला सेवा म्हणतात. ती मनापासून केलेली असते, म्हणून तर तिच्यावर औषध सापडत नाही.

मी एकीचं बोलणं दुसरीला सांगितलं. जावेने करावं असं हे काम नाही, पण केलं. सुरेखा आधी रडली आणि मग तिने पदराने डोळे पुसून पहिला प्रश्न विचारला तो असा: "परसात कोनाला दिसत नाय ना?"

घरामागच्या परसात भोपळ्याच्या मांडवाचे खांब उभे होते, वेल वाळून गेला होता. सुरेखाने दोन्ही बाजूंनी कमरेच्या उंचीवर आडवे बांबू बांधले. मी ते बघितलं आणि चकित झाले, कारण कल्याणच्या इस्पितळात चालायला शिकवायच्या खोलीत अगदी अशाच दोन स्टीलच्या दांड्या होत्या. मधल्या जागेत तिने एक जुनी ताडपत्री घातली आणि दोन टोपल्या भात ओतलं. "आई, जरा हे फिरवता का? पुढं जागा नाय," असं ती म्हणाली, जणू काही रोजचंच आहे. आक्कांनी चपला काढल्या. दोन्ही हातांनी बांबू धरले आणि भातात पाऊल ठेवलं.

मी मोरीच्या पायरीवर बसून बघत होते. पहिल्या दिवशी डाव्या पायाची रेघ खोल पडली, उजव्याची वरवर, मध्येच तुटलेली. त्या पायावर वजन येतच नव्हतं. आक्कांना ते दिसलं. हवेत हलवलेल्या पायाने काय पिकतं ते त्यांना दिसत नव्हतं. हे दिसत होतं. "हा बघ लबाड," त्या स्वतःच्या पायाला म्हणाल्या, "नुसता मागनं येतो, काम करत नाय." आणि परत वळल्या.

पुढे रोज दुपारी, गाव कलंडलेलं असताना, परसात हा कार्यक्रम चाले. तळव्याला टोचणारी कूस, उन्हाने तापलेले दाणे, पाय ओढल्याचा सरसर आवाज. मीही एकदा चपला काढून आत शिरले. इतकी वर्षं इथे राहून मी हे कधी केलं नव्हतं. वरचा थर गरम आणि आतला गार असतो, आणि पाय पुढे ढकलताना दाणे बोटांच्या मधून निसटतात. आक्का म्हणाल्या, "आता कळलं मास्तरनीला. पायाला समजतं, भात वाळलं का नाय." दाणा दाताखाली धरून बघायची पद्धत मला माहीत होती, ही नव्हती.

सूज उतरू लागली. रेघा एकमेकींसारख्या दिसू लागल्या. एका दुपारी आक्कांनी एक हात बांबूवरून काढला, मग काही दिवसांनी दुसरा. दुखत होतं का? हो, दुखत होतं. रात्री सुरेखा तेल लावायची तेव्हा आक्का कण्हायच्या, शेवग्यापलीकडून मला ऐकू यायचं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं असतं की दुखणं किती, तर खुर्चीत बसून असतानाच्या दिवसांत त्यांनी "कमी" सांगितलं असतं, आणि या दिवसांत "जास्त". तुझं मोजमाप इथे गडबडेल, मीरा. त्या दुखण्याच्या दिवसांत आक्का पुन्हा मला मास्तरीण म्हणून चिडवू लागल्या होत्या.

आक्का पूर्वीसारख्या झाल्या असं मात्र मी लिहिणार नाही. उकिडवं बसणं त्यांचं कायमचं गेलं. आजही चुलीपुढे त्या बुटक्या स्टुलावर बसतात आणि त्या स्टुलाचा राग राग करतात. बांधावर त्या पुन्हा गेल्या नाहीत. संडासात दिनेशने खुर्ची बसवून घेतली, तिला त्या "सिंहासन" म्हणतात आणि वापरतात. काही गेलं, काही राहिलं. जे राहिलं त्यातलं किती आपल्या हाताने करायचं, एवढ्यावरच सगळी भांडणं होतात, त्यांच्या घरात आणि आता माझ्याही घरात. तुमचे बाबा मला फोनवर सांगतात, बाजारात जाऊ नकोस, मागवून घे. मी ऐकते आणि पिशवी घेऊन निघते.

म्हशाच्या जत्रेच्या आधीचा शनिवार होता. शेवटचं भात अंगणात पडलं होतं. थंडी चांगलीच होती, पण दुपारचं ऊन मऊ होतं. मी माझ्या ओटीवर स्वेटरची बटणं लावत बसले होते. समोर हौशाबाय वाल निवडत होती. तेवढ्यात आक्का त्यांच्या दारातून बाहेर आल्या. वॉकर नव्हता. पायरीवर भिंतीला हात लावून त्या उतरल्या, अंगणाच्या कडेला थांबल्या, चपला काढल्या आणि सगळ्या रस्त्याला दिसेल अशा त्या मोठ्या ताडपत्रीवर शिरल्या. इथे धरायला काही नव्हतं. मी उठले, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत बसले.

हौशाबाय ओरडली, "अगो बाय! आक्का! तुला कामाला लावलं का सुनेनं? कुठं हाय ती?"

आक्का पाय ओढत चालत राहिल्या. कडेपर्यंत गेल्या, वळल्या, आणि मग सावकाश, आळीच्या शेवटच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती आत झोपलीय. मीच झोपवलंय तिला. दुपारची झोप काय तुझ्या एकटीच्या नावावर हाय?"

हौशाबायच्या सुपातले वाल तसेच राहिले. पोचवायला आता तिच्याकडे बातमी होती, आणि ती आक्कांनीच तिला पाहिजे तशी बांधून दिली होती.

जीप थांबल्याचा आवाज आला. दिनेश उतरला, खांद्यावर बॅग, हातात आईच्या गोळ्यांची पिशवी. अंगणाच्या तोंडाशी तो जागच्या जागी थिजला. "आई! अगं पडशील!"

"पडंन तेव्हा बघू. चपला काढ आन् ये, नायतर बाजूला हो, भातात धूळ पाडू नको."

तो हलला नाही. आक्का त्याच्यापर्यंत चालत आल्या. धाप लागली होती, कपाळावर घाम होता, उजवा पाय थोडा थरथरत होता. आता त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि धरूनच ठेवलं.

"तुझी कल्याणची जागा मला बघायची हाय," त्या म्हणाल्या. "लिफ्टमंदी बसायचं हाय. जत्रा झाली की येते. आठ दिस राहीन, तू ने."

"आणि मग?"

"मग काय? पाहुनी म्हनून येते ना. पाहुनीला परत पोचवावं लागतं."

आत सुरेखा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती झोपलीच नव्हती.